दर्यापूरकडच्या खेड्यातून अमरावतीला जाणं-येणं आणि तिथं फिरणं, कसं जमवता?

खारपाणपट्टा
नमस्कार मंडळी. गाव दर्यापूर तालुक्यात, डांबरी फाट्यापासून चारेक किलोमीटर आत. पावसाळ्यात तो आतला रस्ता म्हणजे काळी माती, पँट गुडघ्यापर्यंत वर आणि चप्पल हातात. आतापर्यंत अमरावतीला कधीमधीच जाणं व्हायचं, लग्नाचा बस्ता, कोर्टाची तारीख, तेवढंच. आता तीन गोष्टी एकदम अंगावर आल्या. बाबांना (वय ६८, गुडघे अन शुगर) पंचवटीजवळच्या मोठ्या दवाखान्यात दर महिन्याला दाखवायचं आहे. बहिणीची बीएस्सीला अमरावतीत अ‍ॅडमिशन झाली अन ती म्हणते मी रोज अपडाऊन करते. अन मोठा भाऊ पुण्याहून येतो तर त्याची गाडी बडनेऱ्याला रात्री कुठल्याही टायमाला टेकते. घरी एक स्प्लेंडर आहे, कार नाही. एसटी, काळीपिवळी, ऑटो, रेल्वे, काय कसं जमवायचं ते रोज जाणाऱ्यांनी सांगा. गूगल मॅप सांगू नका, त्याच्या हिशोबानं आमच्या गावात बारमाही रस्ता आहे.

फाट्यावरचा
भाऊ पहिले एक सांगतो, जायाची गाडी सगळेच पाहतात, तू परतीची पाय. सकाळी दर्यापूरले जायाले काहीही भेटते, दुधाची गाडी भेटते, मास्तर लोकायची मोटरसायकल भेटते, काळीपिवळी तं हायेच. संध्याकाळी काही भेटत नाही. म्हणून आधी दर्यापूर स्टँडच्या चौकशी खिडकीवर जा, तुह्या फाट्यावर थांबनारी शेवटची गाडी किती वाजता सुटते ते इचार, मंग तिले गाठाले अमरावतीहून किती वाजता निघा लागते ते इचार, अन मंग डॉक्टरचा नंबर किती वाजता लावाचा ते ठरव. उलटं मोजत ये. लोक करतात काय, अकराचा नंबर घेतात, दोन वाजता डॉक्टर पायते, मंग रक्त तपासायले देते, रिपोर्ट पाच वाजता, अन मंग फोन लावत बसतात की कोनी घ्याले येता का.

स्प्लेंडर फाट्यावर ठेवत जा. मी पानठेल्याच्या मांगं लावतो, चाबी त्याच्याचपाशी. पैसे घेत नाही, पन खर्रा त्याच्याचकडून घ्या लागते.

परतवाड्याची ताई
बाबा ६८ चे आहेत ना, मग एसटीत त्यांचं अर्धं तिकीट. ६५ ते ७५ ला अर्धं, ७५ झाले की पूर्ण फुकट, ते २०२२ च्या ऑगस्टपासून सुरू आहे. आधार कार्ड सोबत ठेवायचं, कंडक्टर बघतोच. बायांना १७ मार्च २०२३ पासून सगळ्या एसटीत अर्धं तिकीट, साधी असो की शिवशाही. म्हणून आमच्याकडे दवाखान्याचं सगळं काम आता माझ्याकडे आलं, सासऱ्यांचं अर्धं, माझं अर्धं, दोघांत मिळून एक तिकीट. मिस्टर म्हणतात तूच जात जा, परवडते. त्यांना परवडते अन मला दिवसभर त्या बाकड्यावर बसावं लागते, ते कोण मोजते.

२०२५ च्या जानेवारीत तिकीट जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं तरी अर्ध्याच्या हिशोबानं काळीपिवळीपेक्षा एसटीच स्वस्त. काळीपिवळीत सवलत नाही, अन ६८ च्या माणसाला मधल्या सीटवर चौघांत दाबून बसवणं म्हणजे गुडघ्याचं वाटोळं. दर्यापूर स्टँडवरूनच बसा, गाडी लागल्या लागल्या. दारामागची पहिली दोन सीटं बघा, पाय लांब करता येतो. चाकावरचं सीट घेऊ नका, तिथं गुडघा हनुवटीला लागतो.

खारपाणपट्टा
ताई हे अर्ध्या तिकिटाचं बाबांना माहीतच नव्हतं, ते मागच्या वेळी पूर्ण पैसे देऊन आले. आता रागावले आहेत, कोणावर ते कळत नाही.

बरं, दवाखाना पंचवटी चौकाजवळ आहे अन गाडी जाते स्टँडवर. तिथून उलटं यायचं का?

रुख्मिणीनगर
कंडक्टरला चढतानाच विचारा की गाडी पंचवटीवरून जाते का. जात असेल तर वलगाव गेलं की सामान गोळा करा अन चौकातच उतरा. नसेल जात तर स्टँडवर उतरून ऑटो. अमरावतीत ऑटो दोन तऱ्हेनं चालतो, सीटवर किंवा स्पेशल. सीट म्हणजे आणखी माणसं भरणार, पैसे कमी, तो त्याच्या रस्त्यानं जाणार अन तुम्ही चौकात उतरणार. स्पेशल म्हणजे दवाखान्याच्या दारात. बसायच्या आधी "सीटचे किती" हे विचारा, नुसतं "पंचवटी चलता का" म्हटलं की तो स्पेशलच धरतो. बाबांसोबत असाल तर मात्र स्पेशलच करा, चौकातून दवाखान्याच्या दारापर्यंत रस्ता ओलांडणं हेच सगळ्यात अवघड काम आहे. गाड्या थांबत नाहीत अन म्हातारा माणूस मध्येच थांबतो.

नावं लक्षात ठेवा, बाकी शहर आपोआप उलगडते. राजकमल म्हणजे बाजार, तिथून अंबादेवी पायी. इर्विन चौक म्हणजे सरकारी मोठा दवाखाना. बायांचा सरकारी दवाखाना डफरीन. बडनेऱ्याकडून येताना आधी राजापेठ लागते, मग राजकमल. विद्यापीठ मार्डी रोडला, ते गावाच्या एका टोकाला आहे, कोणी "जवळच आहे" म्हटलं तर ऐकू नका.

बडनेरा_नवीवस्ती
रेल्वेचं मी सांगतो, रोज तेच पाहतो. बाहेरच्या लोकांचा पहिला घोळ हा होतो की अमरावती नावाचं स्टेशन शहरात आहे, एसटी स्टँडपासून पायी जाण्यासारखं, पण ते मेन लाइनवर नाही. मुंबई-नागपूर-हावडा लाइन बडनेऱ्यावरून जाते अन बडनेऱ्याहून एक छोटा फाटा अमरावतीला जातो, तिथं रूळ संपतात. म्हणून जी गाडी अमरावतीहूनच सुटते, जशी मुंबईची अमरावती एक्स्प्रेस, ती शहरात भेटते. बाकी विदर्भ, महाराष्ट्र, गीतांजली, आझाद हिंद, सगळ्या बडनेऱ्यावरूनच निघून जातात. तिसरं स्टेशन नवीन अमरावती, ते नरखेडच्या लाइनवर, अकोलीकडे. तिकीट काढताना तिन्हींत फरक पाहून काढा, नाहीतर माणूस एका स्टेशनवर अन घ्यायला आलेला दुसऱ्यावर.

बडनेरा ते अमरावती नऊ-दहा किलोमीटर. दिवसा काही प्रश्न नाही, सीटचे ऑटो सारखे चालतात, सिटी बस आहे, अकोला-यवतमाळकडून येणाऱ्या एसटी रोडवर भेटतात. रात्री एक ते चार या वेळात मात्र फक्त स्पेशल. तेव्हाचा सीन असा असतो, गाडी थांबली की चार जण पुलावरच बॅगेला हात घालतात, "अमरावती अमरावती, भाऊ चला". पहिला भाव ऐकून खाली उतरा, बाहेर या, चहाच्या गाडीवर उभं राहून चहा घ्या. दहा मिनिटांत गर्दी पांगते अन ज्याला सवारी भेटली नाही तोच ऑटोवाला निम्म्याच्या जवळ येतो. त्यात आणखी दोघं अमरावतीचे उभे असतातच, त्यांना विचारून वाटून घ्या. बाईमाणूस एकटी असेल तर हे काही करू नका, वेटिंग हॉलमध्ये उजाडेपर्यंत बसा, तिथं पोलीस असतात, सकाळी साडेपाचला ऑटो सुरू होतात.

पुण्यातला_वऱ्हाडी
तुमच्या मोठ्या भावासारखाच मी. दोन रस्ते सांगतो.

एक, १० ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली, ती बडनेऱ्याला थांबते, अकोला-शेगावलाही. पुण्याहून सकाळी निघते अन दुपार कलता कलता बडनेरा. तिकीट महाग आहे, खोटं कशाला बोलू, पण उजेडात उतरतो, अन ते वर फाट्यावरचे दादा म्हणतात तशी दर्यापूरची गाडी हातची जात नाही. आठवड्यातून एक दिवस नसते, ते बघून काढायचं.

दुसरा जास्त कामाचा. दर्यापूरच्या माणसानं बडनेऱ्याला जायचंच कशाला? मूर्तिजापूरला उतरा. महाराष्ट्र एक्स्प्रेस थांबते तिथं. मूर्तिजापूर-दर्यापूर हे बडनेरा-अमरावती-दर्यापूरच्या निम्म्याहून कमी अंतर आहे. स्लीपरचं रिझर्व्हेशन मूर्तिजापूरचंच काढायचं अन भावाला स्प्लेंडरवर बोलवायचं.

ट्रॅव्हल्सचं विचाराल तर दिवाळीत रेल्वे फुल असते तेव्हा मीही बसतो, पण बुकिंग करताना उतरायची जागा लिहून घ्या. मला एका ट्रॅव्हल्सवाल्यानं पहाटे तीनला बायपासवर उतरवलं, म्हणे गाडी गावात जात नाही. चारी बाजूंनी अंधार अन कुत्रे. अ‍ॅपवर मात्र "अमरावती" एवढंच लिहिलेलं होतं.

शकुंतला_प्रेमी
मूर्तिजापूरचं नाव निघालं अन राहवलं नाही. मूर्तिजापूर ते अचलपूर आपली शकुंतला बनोसा-दर्यापूरवरूनच तर जायची, पुढे अंजनगाव, पथ्रोट. दुसरी बाजू यवतमाळपर्यंत. अडीच फुटी नॅरोगेज, इंग्रज कंपनीनं कापूस न्यायला बांधलेली. वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिला ओढत होतं, मग डिझेल आलं. माझी आजी पथ्रोटहून माहेरी शकुंतलेनंच जायची, गाडी एवढी हळू की पोरं उतरून बोरं तोडून पुन्हा चढायची. ती ब्रॉडगेज झाली असती तर या धाग्याची गरजच पडली नसती.

फाट्यावरचा
झाली असती तं. पन नाई झाली. त्याच्या बाबाले येत्या मयन्यात डॉक्टरकडं न्याचं हाये, बोरं काय तोडत बसता.

शकुंतला_प्रेमी
दादा आठवण काढायलाही तिकीट लागते का आता.

मोर्शीवाला
आमच्याकडून नरखेड लाइन आहे, चांदूर बाजार-मोर्शी-वरूड, पण गाड्या मोजक्या अन स्टेशन गावाबाहेर, म्हणून आम्हीही एसटीच धरतो. कार असेल तर प्रश्नच मिटला, समृद्धी आहे, ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला, नांदगाव खंडेश्वरच्या बाजूनं चढा अन सुसाट.

रुख्मिणीनगर
मोर्शीभाऊ, त्यांच्याकडे स्प्लेंडर आहे. समृद्धीवर दुचाकी चालत नाही, ऑटोही नाही. अन समृद्धी दर्यापूर-अमरावतीच्या कामाचा कसा, तो मुंबई-संभाजीनगरकडे जाणाऱ्याच्या कामाचा. अमरावतीहून नागपूरला जायला पण लोक तिवसा-तळेगाव-कोंढाळी हा जुना हायवेच धरतात.

मोर्शीवाला
मी आपलं माहिती म्हणून सांगितलं. विमान पण सुरू झालं बेलोऱ्याहून, १६ एप्रिल २०२५ ला, मुंबईचं. ते पण सांगू नको का.

पुण्यातला_वऱ्हाडी
सांगा ना. फक्त ते रोज नसते, छोटं एटीआर आहे, अन बेलोरा बडनेऱ्याच्याही पलीकडे, म्हणजे विमानातून उतरून दर्यापूरच्या काळीपिवळीत बसायचं. माणसाच्या जिवाला केवढा तो झटका.

रूमवाली_मुलगी
बहिणीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी अंजनगावकडची, बीएस्सीच करते. पहिल्या वर्षी अपडाऊन केलं, आता रूम करून राहते. पासचं आधी सांगते, विद्यार्थ्यांना एसटीच्या मासिक पासमध्ये दोन-तृतीयांश सवलत आहे, म्हणजे भाड्याचा फक्त तिसरा हिस्सा भरायचा. बारावीपर्यंतच्या मुलींना पूर्ण फुकट असते पण ते कॉलेजला लागू नाही. बोनाफाइड अन फोटो न्यायचा. म्हणजे पैशाचा विचार केला तर अपडाऊनच स्वस्त, रूमचं भाडं अन मेस धरली तर कितीतरी पट.

पण बीएस्सीला प्रॅक्टिकल असतात. बॅच दुपारची आली की पाचशिवाय सुटका नाही, अन टायट्रेशन चुकलं तर मॅडम पुन्हा करायला लावतात, बाहेर अंधार पडो की पाऊस. मग स्टँडवर पळत जायचं, गाडी भरलेली, उभ्यानं दर्यापूर, तिथून पुढची गाडी, फाट्यावर बाबा गाडी घेऊन उभे. घरी जाऊन जेवण, वही उघडली की डोळे मिटतात. सकाळी पुन्हा पाचला उठा. माझ्या वर्गातल्या अपडाऊनवाल्या मुली सगळ्यात आधी प्रॅक्टिकल सोडायला लागतात, मग इंटर्नल जातात.

परतवाड्याची ताई
बेटा तुझं बरोबर आहे, पण सगळ्यांच्या घरी रूमचे पैसे नसतात ना. माझ्या दोन्ही पोरींनी अपडाऊनच केलं, एक आज शिक्षिका आहे. रूम म्हटलं की गावातले दहा लोक दहा प्रश्न विचारतात ते वेगळं.

रूमवाली_मुलगी
काकू गावातले लोक प्रॅक्टिकलचे मार्क देत नाहीत. अन सरकारी वसतिगृहं आहेत, समाजकल्याणची, आदिवासी विभागाची, ओबीसींची, त्यात राहणं-जेवण फुकट. फॉर्म अ‍ॅडमिशनच्या वेळीच निघतात, म्हणून दादांनी ते आधी बघावं. नंबर लागेपर्यंत पास काढून अपडाऊन करावं. टाइमटेबल हातात आलं की कळेलच किती दिवस दुपारची बॅच आहे.

फाट्यावरचा
पोट्टी बरोबर बोलून राहिली. अन पावसाळ्याचं कोनी बोललं नाही. पूर्णेले, पेढीले पानी आलं की रस्ता कवा बंद होईन सांगता येत नाही, सकाळी कोरडं असते अन दुपारी वरती पडलं की संध्याकाळी पुलावर पानी. जुलै-ऑगस्टमंधी तिले अमरावतीत एखाद्या मावशीकडं, नातेवाईकाकडं एक रात्र राहाची सोय करून ठेवा, आधीच बोलून ठेवा. गाडी पुलाच्या अलीकडं थांबवली तं आपन उतरून पायी निंघाचं नाही. लोक जातात, एकमेकायचे हात धरून. मी सांगतो नाई जाचं.

धारणीकर
वाचून हसू आलं राव, तुम्हाला पन्नास किलोमीटर जड वाटून राहिले. आम्ही धारणीहून सेमाडोह, परतवाडा करत येतो, मेळघाटाची वळणं अशी की अर्धी गाडी प्लॅस्टिकची पिशवी हातात घेऊन बसते. आमची पण रेल्वे होती, अकोला-खंडवा मीटरगेज, धुळघाटला रूळ गोल फिरून स्वतःवरूनच जायचे, ती २०१७ पासून बंद. आम्हाला त्याच दिवशी परतायचं जमतच नाही, म्हणून आम्ही मुक्कामाच्या हिशोबानंच निघतो, सोबत भाकर, चादर. मोठ्या दवाखान्याच्या आसपास नातेवाइकांसाठी लॉज असतात, एक ठरवून फोन नंबर घेऊन ठेवा. अन एक सांगतो, बाबांना अचानक काही झालं, छातीत दुखलं, चक्कर आली, तर काळीपिवळी शोधू नका, १०८ लावा, पैसे लागत नाहीत. फोनवर गावाचं नाव सांगताना जवळचा फाटा अन आरोग्य केंद्र पण सांगा, नुसत्या गावाच्या नावानं गाडी भलत्याच तालुक्यात जाते, एकाच नावाची तीन गावं असतात आपल्याकडे.

खारपाणपट्टा
सगळ्यांचे आभार. चौकशी खिडकीवर जाऊन आलो. फाट्यावर थांबणाऱ्या शेवटच्या गाडीचा टाइम लिहून घेतला, त्या हिशोबानं अमरावतीहून साडेचारच्या आत निघालंच पाहिजे. म्हणून दवाखान्यात फोन करून बाबांचा नंबर साडेनऊचा मागितला, भेटला. शुगरची तपासणी आधल्या दिवशी दर्यापुरातच करून रिपोर्ट घेऊन जाणार, तिथल्या डॉक्टरांनी हो म्हटलं, पाच वाजेपर्यंत थांबायची भानगडच नाही. बहिणीनं वसतिगृहाचा फॉर्म भरला, तोवर पास. भावानं मूर्तिजापूरचं तिकीट काढलं, मीच जाणार घ्यायला. आई म्हणते अर्धं तिकीट आहे तर मी पण येते, अंबादेवीचं दर्शन होईल. म्हणजे दवाखान्यात तिघं.

आता एक शेवटचं. अमरावतीच्या मामांना तुरीची डाळ अन थोडी ज्वारी द्यायची आहे, अर्धं पोतं भरन. एसटीत चालते का?

परतवाड्याची ताई
चालते. थोडं असलं तर कंडक्टर काही म्हणत नाही, जास्त दिसलं तर लगेजचं तिकीट फाडतो. सीटखाली सरकवा, वाटेत ठेवू नका.

फाट्यावरचा
तोंड सुतळीनं शिवून घे, नुसती गाठ मारू नको. अन बाबाच्या पायाखाली नको ठेवू, त्यायचे गुडघे दुखतात ना.